भौतिकशास्त्रातून भूविज्ञानात संशोधनाला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालंय, पीएच.डी.साठी भूविज्ञान विभागात खडकांची वयं काढण्याच्या कामावर जागा मिळतेय, पण भूविज्ञानाचा एकही पेपर कधी दिलेला नाही आणि संख्याशास्त्र जेमतेम येतं. तिथले मार्गदर्शक म्हणतात, ‘या, शिकाल’. तुमच्या विभागातले सर म्हणतात, ‘ना धड इकडची ना धड तिकडची होशील’. जावं की नाही, आणि गेल्यास पहिल्या वर्षात काय करावं?

मी पंचवीसेक वर्षं हेच काम करतोय आणि मीही भौतिकशास्त्रातूनच आलो. जा, असंच मी सांगेन. भूविज्ञान येत नाही ही अडचण वर्ष-दीड वर्षात सुटते, त्याची फार धास्ती घेऊ नका. खरी अडचण वेगळी आहे आणि ती पीएच.डी. संपल्यावरही सोबत राहते. दुसऱ्या विषयातला आकडा आपण पटकन उचलतो, पण तो कोणत्या गृहीतकांवर उभा आहे ते उचलत नाही. दोन विषयांच्या सीमेवर झालेल्या बहुतेक मोठ्या चुका मी अशाच झालेल्या पाहिल्या आहेत. सगळ्यांत मोठी चूक तर एका फार थोर भौतिकशास्त्रज्ञाच्या नावावर आहे, आणि ती आपल्याच क्षेत्रातली आहे.

1862 मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले ते, यांनी पृथ्वीचं वय काढलं. कल्पना अतिशय देखणी होती. पृथ्वी सुरुवातीला वितळलेली होती, सुमारे 3,900 अंश सेल्सिअस तापमानाची, आणि तेव्हापासून पृष्ठभागातून उष्णता गमावत थंड होत आली, असं त्यांनी धरलं. खाणीत खोल उतरलं की तापमान वाढतं, दर 50 फुटांना साधारण 1 अंश फॅरनहाइट. खडकातून उष्णता किती वेगानं पसरते ते प्रयोगशाळेत मोजता येतं. हे तीन आकडे फूरियेच्या उष्णतावहनाच्या समीकरणात घातले की काळ बाहेर पडतो. सुरुवातीच्या तापमानाचा वर्ग घ्यायचा आणि त्याला पाय (π), उष्णतेच्या प्रसाराचा गुणांक आणि तापमान-उताराचा वर्ग यांच्या गुणाकारानं भागायचं, इतकंच. उत्तर आलं 9.8 कोटी वर्षं. मोजमापांतली अनिश्चितता धरून त्यांनी 2 कोटी ते 40 कोटी अशी मर्यादा दिली, आणि 1897 पर्यंत ती 2 ते 4 कोटींवर आणून ठेवली.

हे गणित तुम्ही स्वतः एकदा कागदावर करून पाहा, अर्ध्या तासाचं काम आहे. गणितात चूक नाही. भूवैज्ञानिकांना मात्र हा काळ फार तोकडा वाटत होता. गाळाच्या थरांची जाडी, दऱ्या कोरल्या जाण्याचा वेग, जीवाश्मांचा क्रम या सगळ्यांना कितीतरी जास्त वेळ हवा होता. डार्विननं 1859 मध्ये इंग्लंडमधल्या एका खोऱ्याची झीज होण्यालाच 30 कोटी वर्षं लागली असतील असा अंदाज छापला होता. टीका झाल्यावर तिसऱ्या आवृत्तीत त्यानं तो काढून टाकला. पुढे केल्व्हिनच्या आकड्याच्या दबावाखाली अनेक भूवैज्ञानिकांनी आपापली अनुमानं आखडती घेतली. समोर समीकरण होतं आणि यांच्याकडे नुसतं निरीक्षण. समीकरणापुढे निरीक्षणानं मान खाली घालायची, असा एक शिष्टाचारच होऊन बसला होता.

पुढची गोष्ट बहुतेक पुस्तकांत अशी सांगतात की किरणोत्सर्गाचा शोध लागला, पृथ्वीच्या पोटात उष्णतेचा स्रोत आहे हे कळलं आणि केल्व्हिन चुकले. मीही अनेक वर्षं वर्गात असंच शिकवलं. पण आकडेमोड करून पाहिलं तर केल्व्हिनच्या प्रतिमानात किरणोत्सर्गी उष्णता मिसळल्यावरही उत्तर फारसं हलत नाही, कारण तेवढ्या अवधीत फक्त वरच्या शंभरेक किलोमीटरमधली उष्णता नुसत्या वहनानं पृष्ठभागापर्यंत पोचू शकते. खरी चूक दुसरीकडे होती. पृथ्वी आतून घट्ट आहे आणि उष्णता फक्त वहनानं बाहेर येते, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, प्रत्यक्षात अतिशय सावकाश वाहतं, अभिसरणानं खालची उष्णता वर येत राहते, म्हणून पृष्ठभागाजवळचा तापमानाचा उतार अब्जावधी वर्षं तीव्र राहू शकतो. विशेष म्हणजे हे 1895 मध्येच एकानं दाखवून दिलं होतं. केल्व्हिनचेच पूर्वीचे साहाय्यक जॉन पेरी यांनी लिहिलं की पृथ्वीचा आतला भाग उष्णता जास्त सहज वाहून नेत असेल तर वय 2-3 अब्ज वर्षंही निघू शकतं. बेकेरेलचा किरणोत्सर्गाचा शोध त्यानंतरचा, 1896 चा. पेरींकडे नवा शोध नव्हता की नवी मोजमापं नव्हती. त्यांनी फक्त गृहीतक बाहेर काढून उजेडात धरलं.

तुमच्यासारख्या भौतिकशास्त्रातून येणाऱ्या माणसाचा या विभागातला खरा उपयोग मला इथे दिसतो. उपकरण चालवणं तर कुणीही शिकतं. समीकरणाच्या पोटात काय दडवलंय ते तुम्हाला वाचता येतं. त्याच वेळी, दगडाकडे पाहून ‘हे शक्य नाही’ म्हणणाऱ्या भूवैज्ञानिकाचं म्हणणं तितक्याच गंभीरपणे ऐकायची तयारी हवी. केल्व्हिनकडे नेमकी ती नव्हती.

आता रोजचं काम कसं असतं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला स्वतःलाच ठरवता येईल.

समजा तुम्ही ग्रॅनाइटचा पाच किलोचा तुकडा आणलात. आधी तो फोडायचा, दळायचा, चाळायचा. मग पाण्याच्या हलत्या टेबलावर हलकी खनिजं वाहू द्यायची, चुंबकानं लोहयुक्त कण बाजूला काढायचे आणि उरलेली पूड मेथिलिन आयोडाइडसारख्या जड द्रवात सोडायची. त्याची घनता 3.3 च्या आसपास. क्वार्ट्झ 2.65 चं, ते तरंगतं. झिरकॉन, म्हणजे वय काढायला आपल्याला हवं असलेलं खनिज, 4.6 चं, ते तळाशी बसतं. तळाचा तो चिमूटभर गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पसरायचा आणि सुईच्या टोकानं एकेक कण वेचायचा. कण एक दशांश मिलिमीटरचा, काचेसारखा, फिकट गुलाबी किंवा मधाच्या रंगाचा, दोन्ही टोकांना टोकदार. वेचण्यात दोन-तीन दिवस सहज जातात. मान अवघडते. पण मी आजही हे काम कुणावर सोपवत नाही, कारण कण पाहता पाहताच खडकाबद्दलचे निम्मे प्रश्न सुचतात.

झिरकॉनच का, तर हा स्फटिक तयार होताना युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळजवळ घेतच नाही. म्हणजे आत जे शिसं सापडेल ते बहुतांशी युरेनियमच्या क्षयातूनच आलेलं. शिवाय एकाच कणात दोन घड्याळं चालतात: युरेनियम-238 चं शिसं-206 होतं, अर्धायुष्य 4.47 अब्ज वर्षं, आणि युरेनियम-235 चं शिसं-207 होतं, अर्धायुष्य 70.4 कोटी वर्षं. दोन्ही घड्याळांनी एकच वेळ दाखवली तर कणातून काही गळलेलं नाही असं मानायला आधार मिळतो. वेळा जुळल्या नाहीत तर किती जुळल्या नाहीत यावरून शिसं कधी गळालं याचाही अंदाज बांधता येतो. जॉर्ज वेदरिल यांनी 1956 मध्ये यासाठी मांडलेला आलेख आम्ही आजही रोज काढतो. एकमेकांना तपासणारी दोन घड्याळं एकाच कणात ठेवलेली दुसऱ्या कुठल्या विज्ञानात मला माहीत नाहीत, आणि इतक्या वर्षांनीही त्याचं नवल ओसरलेलं नाही.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. दुसऱ्या वर्षाला असताना मी एका ग्रॅनाइटचे तीस कण मोजले. लेसरनं प्रत्येक कणावर सुमारे 30 मायक्रॉनचा खड्डा पाडायचा आणि निघालेली वाफ मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये पाठवायची, अशी ती पद्धत. वयं थोडी पसरलेली होती, पण भौतिकशास्त्रात शिकलो होतो तसं मी केलं: सरासरी काढली, अनिश्चितता कणांच्या संख्येच्या वर्गमुळानं कमी केली, आणि 1.1 अब्ज वर्षं असं, छोट्याशा त्रुटीसकट, सुबक उत्तर मांडलं. मार्गदर्शकांनी आकड्याकडे पाहिलंच नाही. ते म्हणाले, कणांची चित्रं दाखव.

कण राळेत बसवून अर्धे घासतात आणि त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत टाकून चमक टिपतात. त्या चित्रात झाडाच्या खोडासारखी वाढीची वलयं दिसतात. माझ्या कणांत मधोमध एक काळपट, गोल झालेला गाभा होता आणि भोवती उजळ, टोकदार कड. दोघांमधली रेषा स्वच्छ दिसत होती. माझे बरेचसे खड्डे त्या रेषेवरच पडले होते. गाभा आणि कड वेगवेगळे मोजल्यावर गाभ्याचं वय 1.8 अब्ज निघालं आणि कडेचं 55 कोटींच्या आसपास. म्हणजे एखाद्या जुन्या खडकातले झिरकॉन वितळणीतूनही टिकले होते आणि त्यांच्यावर नव्यानं वाढ झाली होती. माझं 1.1 अब्ज हे त्या दोन्हींचं मिश्रण होतं. त्या खडकात त्या काळी काहीच घडलेलं नव्हतं.

सरासरी तेव्हाच घ्यायची असते जेव्हा सगळी मोजमापं एकाच गोष्टीची असतात. हे वाक्य मला आधीही येत होतं. पण ‘एकच गोष्ट आहे का’ हे संख्याशास्त्र आपणहून सांगत नाही, ते खडक सांगतो, हे त्या दिवशी कळलं. खरं तर संख्याशास्त्रानंही इशारा दिला होता. प्रत्येक मोजमापाच्या त्रुटीच्या मानानं एकूण पसारा किती, याचं एक गुणोत्तर आम्ही काढतो. पसारा नुसत्या मोजमापाच्या त्रुटीनं झाला असेल तर ते 1 च्या जवळ येतं. माझं कितीतरी जास्त आलं होतं, आणि ते मी तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यात लिहून पुढे गेलो होतो. उलट ते 1 पेक्षा फारच कमी आलं तरी खूश होऊ नका, तुम्ही स्वतःच्या त्रुटी फुगवून धरल्या आहेत एवढाच त्याचा अर्थ.

कणाचं वय आणि खडकाचं वय हा गोंधळही भौतिकशास्त्रातून येणाऱ्यांचा नेहमीचा. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये 4.4 अब्ज वर्षांचा झिरकॉन सापडला आहे, पण ज्या गाळाच्या खडकात तो बसला आहे तो खडक सुमारे 3 अब्ज वर्षांचा. कण कुठल्यातरी नष्ट झालेल्या खडकातून झिजून, वाहून तिथे आला. उपकरण फक्त ‘किती’ सांगतं. ‘कशाचं’ हे खडकासमोर उभं राहूनच ठरतं. म्हणून पहिल्याच हंगामात प्रत्यक्ष खडकांवर जा. निदान तीन आठवडे एका भागाचा नकाशा स्वतः काढा: थरांची दिशा, कल, कोण कुणाला छेदून गेलंय, कोण कुणावर बसलंय. नमुना स्वतः फोडा. परत आल्यावर त्याच नमुन्याचा पातळ छेद, 0.03 मिलिमीटर जाडीचा, ध्रुवीकृत प्रकाशात पाहा. भूविज्ञानाची जाडजूड पुस्तकं पहिल्या वर्षी नाही संपली तरी चालतील, हे मात्र चुकवू नका.

गणिताच्या बाबतीत तुम्हाला वाटतंय तेवढं मागे पडल्यासारखं नाही. अवघड विश्लेषण क्वचित लागतं. लागतात त्या दोन गोष्टी. एक, दोन्ही अक्षांवर त्रुटी असताना, आणि त्या त्रुटी एकमेकींशी निगडित असताना, रेषा कशी बसवायची. शाळेतली लघुतम वर्गांची रीत इथे चुकीचं उत्तर देते. तयार सॉफ्टवेअर वापरण्याआधी एकदा स्वतः प्रोग्रॅम लिहून पाहा. दुसरी, यादृच्छिक त्रुटी आणि पद्धतशीर त्रुटी वेगळ्या ठेवणं. हजार कण मोजलेत तरी क्षयाच्या स्थिरांकातली त्रुटी तसूभरही कमी होत नाही. युरेनियमचे जे क्षय-स्थिरांक आम्ही सगळे वापरतो ते 1971 मध्ये मोजलेले आहेत. युरेनियमच्या दोन समस्थानिकांचं गुणोत्तर तर कित्येक दशकं 137.88 असं डोळे मिटून वापरलं जात होतं. 2012 मध्ये झिरकॉनांवर ते नव्यानं मोजलं आणि सरासरी 137.818 निघाली. फरक किती, तर दहा हजारात साडेचार. तरी तेवढ्यानं शिशाच्या दोन समस्थानिकांवरून काढलेली जुन्या खडकांची वयं काही लाख वर्षांनी कमी झाली. एक खडकही नव्यानं फोडला नव्हता.

शुद्ध गणिताशी गाठ पडलीच तर ती अनपेक्षित ठिकाणी पडते. पृथ्वीची कक्षा आणि अक्षाचा कल ठरावीक काळानं बदलतात, त्याचे ठसे गाळाच्या थरांत उमटतात, आणि ते थर मोजून वयं ठरवता येतात. पण जाक लास्कर यांनी 1989 मध्ये दाखवलं की आतल्या ग्रहांच्या कक्षा दीर्घकाळात अराजकी आहेत. सुरुवातीच्या स्थितीतली बारीकशी चूक वाढत जाते आणि साधारण 5-6 कोटी वर्षांच्या मागे पृथ्वीच्या कक्षेचं तपशीलवार गणित विश्वासार्ह राहत नाही. आता उलटा प्रवास सुरू आहे: थर आणि झिरकॉन यांच्यावरून कक्षेचं कोणतं गणित बरोबर हे तपासतात. चिखलाच्या थरांनी खगोलगणिताची परीक्षा घ्यावी, यासाठी तरी या क्षेत्रात यावं असं मला मनापासून वाटतं.

‘ना धड इकडची ना धड तिकडची’ हा इशारा मात्र झटकून टाकू नका. सरांचं म्हणणं खोटं नाही. दोन्ही विषयांतलं वरवरचं शिकून निघालेली मुलं मी पाहिली आहेत आणि पुढे नोकरीच्या जाहिराती विषयवारच निघतात. माझा सल्ला असा की तुमचा एक पाय भौतिकशास्त्रातच रोवलेला असू द्या. प्रबंधातलं निदान एक प्रकरण असं हवं की जे मोजमापाचं भौतिकशास्त्र जाणणाऱ्या परीक्षकासमोर स्वतःच्या बळावर उभं राहील: शोधकाचा (डिटेक्टरचा) प्रतिसाद, लेसरमुळे होणारं समस्थानिकांचं विलगीकरण, असं काहीतरी. आणि सहमार्गदर्शक भौतिकशास्त्रातले घ्या, पण नावापुरते नकोत. दोघांनाही महिन्यातून एकदा एकाच टेबलावर बसवा. ते एकमेकांशी असहमत होतील त्या बैठकीतून तुम्हाला जे मिळेल ते पुस्तकात मिळणार नाही. लेखनात नावांचा क्रम कसा लागणार हे पहिल्या सहा महिन्यांतच बोलून घ्या. दोन विभागांच्या पद्धती वेगळ्या असतात आणि उशिरा बोललं की मनं दुखावतात.

शेवटी, होकार कळवण्याआधी त्या विभागाला एक भेट द्या. तिथे काय पाहायचं ते सांगण्यासाठी क्लेअर पॅटरसन यांच्याकडे जावं लागेल. शिकागोमध्ये विद्यार्थी असताना ते झिरकॉनमधलं शिसं मोजत होते आणि ते दर वेळी हिशेबापेक्षा कितीतरी जास्त भरायचं. जास्तीचं शिसं हवेतून, पाण्यातून, धुळीतून, त्यांच्या स्वतःच्या कपड्यांतून येत होतं. ते कमी करण्यात त्यांची कित्येक वर्षं गेली. अगदी निर्मळ प्रयोगशाळा उभी केल्यावरच अशनींमधल्या शिशावरून 1956 मध्ये त्यांना पृथ्वीचं वय 4.55 अब्ज वर्षं, कमी-अधिक 7 कोटी, असं देता आलं. आणि त्याच चिकाटीतून पेट्रोलमधल्या शिशानं सगळं जग माखलंय हे त्यांनी पुढे दाखवून दिलं.

तुमच्या एका कणात सगळं मिळून 70 पिकोग्रॅमच्या आसपास शिसं असेल. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. कण विरघळवून मोजण्याची अतिअचूक पद्धत जिथे वापरतात तिथे नमुना न घालता सगळी प्रक्रिया करून पाहतात आणि किती शिसं बाहेरून आलं ते मोजतात. त्याला आम्ही ब्लँक म्हणतो. भेटीच्या दिवशी त्या प्रयोगशाळेतली ब्लँकची वही पाहायला मागा. गेल्या दोन वर्षांतल्या नोंदी सलग आहेत का, चांगल्या प्रयोगशाळेसारखे आकडे 1 पिकोग्रॅमच्या खाली आहेत का, आणि मुख्य म्हणजे वाईट आलेले आकडेही तारखेसह लिहिलेले आहेत का, ते पाहा. लिहिलेले असतील तर त्याच संध्याकाळी होकार कळवून टाका.